मोगऱ्याचे अकरा ड्रम

बायको गेल्यावर चार महिन्यांनी आमच्या सोसायटीने तिच्या नावाने बाग करायचं ठरवलं. ती असताना याच सोसायटीने तिला झाडांवरून दोन नोटिसा दिल्या होत्या. दोन्हींवर ज्यांची सही होती तेच चेअरमन आता 'स्मृतिउद्यान' अशी चिठ्ठी लावलेली फाइल घेऊन आमच्या सोफ्यावर बसले होते. मी ठीक आहे म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच ठीक आहे म्हणत होतो.

दुःख होत होतं असं म्हणवत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल काही वेळ आपला राहत नाही, तसं होतं. फक्त गालापुरतं नव्हतं. पुस्तक उघडायचो, वीस पानं उलटायचो आणि कळायचं की आपण पानंच उलटतोय.

आमची इमारत नायगावला खाडीच्या बाजूला आहे आणि तिला एका इटालियन शहराचं नाव आहे. पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्याला पोडियम म्हणतात. तिथे कठड्याला लागून बायकोचे अकरा निळे ड्रम होते, अर्धे कापलेले, अकरांतही मोगरा. तिचं माहेर वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, फुलवाडीचं. ड्रमांमुळे इमारतीच्या सौंदर्याला बाधा येते, असं नोटिशीत होतं. नव्या आराखड्यात ड्रम नव्हते. त्या जागी रंगीत फुलांचे वाफे होते आणि मधोमध तिच्या नावाची संगमरवरी फरशी. पाडव्याला उद्घाटन. ड्रम आमचे म्हणून माझी सही हवी होती.

"मोगऱ्याचं काय?" मी विचारलं होतं.

"काका, यंदा त्याला एक फूल नाही. नुसता पाला."

ते खरं होतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो, एक दिवस चुकवला नव्हता. त्या चार महिन्यांत मी नीट केलेलं तेवढं एकच काम. तरी कळी धरत नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चेअरमन मला गाडीत घालून वटारच्या एका मोठ्या नर्सरीत घेऊन गेले. वाड्यांच्या मधे पांढऱ्या प्लास्टिकचं छप्पर, एखाद्या कारखान्याएवढं. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. पुसून पाहिलं तर पेटुनिया रंगवार उभे होते, शाळेच्या कवायतीसारखे. वरच्या नळ्यांतून पाण्याचं धुकं पडत होतं. मालकीण साठीपुढच्या, गळ्यात क्रूस, खांद्यावर टॉवेल.

"मावशी, आपल्याला स्प्रिंग गार्डन करायचंय," चेअरमन म्हणाले. "एकदम कलरफुल. पाडव्याला सगळं फुललेलं पाहिजे."

"पाडव्याला फुललेलं भेटेल. पुढं किती दिवस पाहिजे?"

"म्हणजे?"

"ही थंडीची झाडं. ऊन तापलं की एप्रिलमधी जातात."

"उद्घाटन मार्चमध्ये आहे," चेअरमन म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

त्यांनी रोपांच्या टेबलावर आराखडा पसरला. त्या जागी आता काय आहे, असं बाईंनी विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी ओल्या बोटांनी तो मोठा करून पाहिला.

"पानी किती घालता?"

"रोज. दोनदा."

"डिसेंबरात?"

"डिसेंबरातही."

"अरे देवा." त्यांनी टॉवेलाने कपाळ पुसलं. "आमचा उपास चाललाय आता, इस्टरपर्यंत. मोगऱ्याचा डिसेंबरात असतो. पानी बंद करायचं. पानं पिवळी पडली की उरलेली हातानं काढायची, शेंडे छाटायचे, मग खत आनि पानी. तेव्हा कळी धरतो. तुमी नुसतं जेवायला घातलंत. पोट भरल्यावर तो कशाला फुलेल?" मग म्हणाल्या, "घरात झाडं कोन बघतं?"

"बायको."

"मग तिला विचारायचं ना!"

चेअरमन खाकरले. "काकू गेल्या हो, ऑक्टोबरमध्ये."

बाईंनी सॉरी वगैरे म्हटलं नाही. मोबाइल टॉवेलाने कोरडा करून माझ्या हातात दिला. "मग तुमाला कोन सांगणार," एवढंच म्हणाल्या.

खरं तर सांगायची गरज नव्हती. आठ वर्षं दर डिसेंबरात ती पाणी तोडायची आणि मी पुस्तकातून मान वर काढून विचारायचो, झाडं मारतेस का? "तुम्ही वाचा तुमचं," ती म्हणायची. पुढे स्टूल टाकून, खाली जुनी चादर पसरून दोन संध्याकाळी पानं ओरबाडत बसायची. मी तिथेच खुर्चीत असायचो. आठ वर्षं समोर बसून मी काहीही पाहिलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर काही तरी वाटायला हवं होतं. वाट पाहिली. वरून धुकं पडत राहिलं.

"आता काही होईल?" मी विचारलं.

"उशीर झालाय. पन आजपासून पानी तोडा. पंधरा दिवसांनी पानं काढा. मेमधी येतील थोडी फुलं."

"आणि पाडव्याला कसं दिसेल?" चेअरमननी विचारलं.

"काड्या."

"काका, पाहुणे रिबन कापणार आणि मागे काड्या? फोटोत काय येणार? त्यापेक्षा नवीन घेऊ. मावशी, फुललेला मोगरा असेल ना?"

"आहे की. कुंडीतला."

"बघा, सेम टू सेम!" त्यांनी आराखड्यावर पेन ठेवलं.

"नाही," मी म्हणालो. आवाज अगदी नेहमीचा होता. "सही करत नाही. ड्रम राहतील. आणि फरशीवरून तिचं नाव काढा."

"अहो, ते तर काकूंच्या सन्मानासाठी..."

"तुमच्या कागदावर तिने तिचं नाव दोनदा वाचलंय. तेवढा सन्मान पुरे."

पेटुनियाच्या रांगेत वाकलेल्या बाई हसल्या आणि लगेच एक ट्रे उचलून पलीकडे गेल्या. परतताना मागच्या सीटवर माझ्या मांडीवर पेटुनियाचे दोन ट्रे होते. गाडीत दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सवयीने बादली भरली आणि त्याच पाण्याने लादी पुसली. पंधरा दिवसांत सात ड्रम पिवळे पडले, चार हट्टाने हिरवे राहिले. मी स्टूल टाकून बसलो. खालची चादर चांगली निघाली. जुनी ती कुठे ठेवायची ते मला माहीत नव्हतं. पाडव्याला ड्रमांच्या पुढ्यात बाग फुलली, तिला नुसतं 'वसंत उद्यान' नाव मिळालं, फरशीवर पाहुण्यांचं नाव आलं. पाहुण्यांनी काड्यांकडे पाहून विचारलं, हे काय? चेअरमन म्हणाले, काम चालू आहे.

आता एप्रिलचा मध्य आहे. पेटुनिया कागदासारखे झालेत. नऊ ड्रमांत पालवीची टोकं आली आहेत, कळी अजून नाही. दोन तसेच आहेत, मेलेत की थांबलेत ते मला ओळखता येत नाही. आज सकाळी एकाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. दुसऱ्याची उद्या खरवडेन.