दगडावरचा घास

विष्णुपंतांनी अकोले गावातल्या कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. सरांना वेळ विचारली तर काळ म्हणजे काय ते सांगतात, असं गाव म्हणायचं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी सुनीतीबाई गेल्या, आणि त्यात मात्र त्यांना काहीच अर्थ सापडला नाही. रडूही आलं नाही. लोक भेटून 'सर फार धीराचे' म्हणून गेले. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर डोळ्यांत टिपूस नाही, म्हणजे आपली माया तरी होती का? हा प्रश्न त्यांना छळत होता. छळत होता म्हणणंही जास्तच. तो नुसता शेजारी बसून असे.

मुलगा अनीश पुण्याहून आला तेव्हा त्यानं टीव्हीवर एक परदेशी चित्रपट लावून दिला. बर्फाळ रानात वाट चुकलेला माणूस, ना सोबती ना शिधा. विष्णुपंत भिंतीकडे बघावं तसे बघत होते. नवव्या दिवशी त्या माणसाला गोठलेल्या तळ्यातून एक मासा मिळतो. नऊ दिवसांचा उपाशी, तरी पहिला तुकडा मोडून तो दगडावर ठेवतो. मग खायला लागतो.

विष्णुपंत ताठ बसले. ही तर चित्राहुती! जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून बाजूला भाताची चार शितं ठेवायची, हे ते मुंजीपासून करत आले होते. सुनीतीबाई गेल्यावर तेवढं सुटलं होतं. मरायला टेकलेला माणूससुद्धा आधी दुसऱ्याचा वाटा काढतो! त्यांनी टीव्ही बंदच केला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला दाखला मिळाला की पुढचं बघायची गरज वाटत नाही. दुपारी त्यांनी पानाशेजारी शितं ठेवली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा घशात काहीतरी दाटून आलं.

ते त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. ग्रंथपाल प्रणिताताईंना सांगून त्यांनी रविवारी दुपारी वाचनालयात तो चित्रपट ठेवला. आधी व्याख्यान. तीसेक माणसं जमली. मागच्या खुर्चीवर जुना विद्यार्थी कानिफनाथ, भंडारदऱ्याकडचा भातशेतीवाला. सर अर्धा तास रंगून बोलले. "निर्जन रानातही माणूस एकटा जेवत नाही," असं म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या.

मग चित्रपट सुरू झाला. मासा आला, तुकडा दगडावर गेला. माणसानं पोटभर खाल्लं, हात पुसले, दगडावरचा तुकडा उचलून गळाला लावला आणि गळ पुन्हा पाण्यात सोडला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माशांशी विष्णुपंतांचा संबंध मत्स्यावतारापुरताच. आमिष त्यांच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. लाज वाटतेय का, हे त्यांनी आत तपासून पाहिलं. वाटत नव्हती. घशातलं ते दाटणंही गेलं होतं.

दिवे लागले. प्रणिताताईंनी समारोपाला बोलावलं. सर उभे राहिले. तेवढ्यात मागून कानिफनाथ म्हणाला, "सर, पयला तुकडा आमीबी ठेवतो. देवाला न्हाई, गळाला. आज प्वाट भरलं तरी उद्या भूक लागनारच की."

"मी चुकलो," विष्णुपंत म्हणाले. वर्गात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. "तो तुकडा उद्यासाठी होता. त्या माणसानं उद्या उठायचं ठरवलं होतं. ही गेल्यापासून मी रोज उठतो, पण उद्यासाठी काही ठेवून झोपत नाही. मला रडायलाही येत नाही."

वेळापत्रक वाचून दाखवावं तसं ते बोलले. प्रणिताताईंनी मान खाली घातली. कानिफनाथ उठून पुढे आला.

"सर, उद्या आमच्याकडं भाताची झोडनी हाय. अकराच्या जीपनं या. सोमवार हाय, मासं न्हाईत. तुमचं जेवान काडून ठेवतो. न्हाई आलात तर तसंच ऱ्हाईल, कुनाला देनार न्हाई."

विष्णुपंत 'येतो' म्हणाले. जावंसं वाटत होतं असं नाही.

सोमवारी साडेदहालाच ते जीपमध्ये जाऊन बसले. जीप भरायला फार वेळ लागला. दोनदा त्यांना वाटलं, उतरून घरी जावं. ते उतरले नाहीत.