लेडी, लॉर्ड आणि दुरडीभर भाकऱ्या

मुलगी बघायला गेलेल्या माणसाने पोहे खावेत आणि गप्प बसावं. मी पोहे खाल्ले.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी साताऱ्यात मास्तर होतो आणि इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा गोळा करायचं मला वेड होतं. (मित्र मला बघून रस्ता बदलायचे!) सांगलीजवळच्या गावात मामाबरोबर इंदूला बघायला गेलो. बघताक्षणी ती आवडली आणि मी ठरवलं, लग्न जमवूनच इथून हलायचं!

इंदूचे वडील पलटणीतून परतलेले सुभेदार. मिशी पिळत म्हणाले, "पोरगी लेडीसारखी वाढवलीया."

"लेडी म्हणजे मुळात कणीक मळणारी!" मी आनंदाने सांगितलं. "आणि लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा!"

मामाने चिमटा काढला.

"आमची पोरगी सैपाकीण वाटली व्हय?" सुभेदार गुरगुरले.

"छे, छे! शब्दांचे अर्थ बदलतात. आता 'सिली' घ्या. पूर्वी त्याचा अर्थ होता भाग्यवान!"

सुभेदार उभेच राहिले. "गोरा सायेब रोज परेडवर मला सिली म्हनायचा. आशीर्वाद देत हुता काय?"

मामा चपला शोधायला लागला. तेवढ्यात दाराआडून इंदू म्हणाली, "आबा, लॉर्ड भाकरी राखतोय न्हवं? मग बसवा की ह्यास्नी राखणीला!"

गुऱ्हाळावरच्या गड्यांसाठी भाजलेल्या भाकऱ्यांची दुरडी अंगणात होती. सुभेदारांनी माझ्या हातात काठी दिली. "गुऱ्हाळावर जाऊन येतो. तवर ह्या राखा. राखल्या तर पोरगी तुमची!"

ते मामाला घेऊन गेले. मी पाय रोवून बसलो. कावळा हाकलला, कुत्रा हाकलला, कोंबडीला तर इंग्रजीत दम दिला! वळून बघतो तर वासराचं तोंड दुरडीत! मी दुरडी ओढली, त्याने ओढली. मी जोर केला, त्याने सोडली. मी शेणात उताणा, भाकऱ्या अंगणभर आणि वासरू पंगतीला!

तेवढ्यात सुभेदार आले. मामाने डोळेच मिटून घेतले.

"काय पावनं, गेल्या भाकऱ्या?"

"गेल्या."

त्यांनी माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं. मग गरजले, "हातात काठी असून मुक्या जनावरावर उगारली न्हाई! इंदे, ह्योच जावई!"

माझ्या भूतदयेची ही गोष्ट सासरे अजून गावभर सांगतात. मी मान खाली घालून ऐकतो. काठी मी उगारणारच होतो हो! पण वासराची आई नेमकी शिंगं रोखून माझ्या पाठीशी उभी होती!