टोल-फ्री नंबरवर कोण बोललं?

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि मनसोक्त हसते. "अचानक दिवा विझला", "पाठीमागे कुणीतरी उभं होतं"... अहो, वायर लूज असेल! शहाद्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. बाई हार्डवेअरचं काम करते म्हणून सुरुवातीला लोक यायचे ते बघायला. आता मशीन घेऊन येतात. मशीनमध्ये भूत शिरलंय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कॅबिनेट उघडून आतली मेलेली पाल दाखवलेली आहे. तेव्हा घाबरट बाई लिहितेय असं कुणी समजू नये.

हे घडलं शहाद्याजवळच्या प्रकाशा गावात, भर दुपारी.

तिथे देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रमणभाऊंचं लग्नपत्रिकांचं दुकान. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्या हातच्या. मागच्या वर्षी ते हार्ट अटॅकने गेले... बसल्या जागी, कीबोर्डवर हात ठेवून. पुढे सुनंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दुकान उघडं ठेवलं. डिझाइन त्या नवऱ्याशेजारी बसून शिकल्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्यांची अक्षरजुळणी भाऊंपेक्षा उजवी.

मग लाइटच्या झटक्यात मदरबोर्ड गेला, आणि जाता जाता हार्ड डिस्क घेऊन गेला.

वहिनींचे जेठ, म्हणजे रमणभाऊंचे थोरले भाऊ, आप्पा. पपई-केळीची शेती, घरात त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. त्यांचं म्हणणं, रोजची माथाफोड कशाला, गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्या आणि सुनंदाने सुखाने घरी बसावं. वहिनींना तेच तर नको होतं. मला फोनवर म्हणाल्या, "ताई, दुकान गयं तं मी घरमा बसीसन काय करू? भिंती मोजू?" मी म्हटलं, "येते. काळजी करू नका."

डिझाइनं बाहेरच्या डिस्कवर होती, ती सुखरूप. जुना का होईना, तसा बोर्ड मी मिळवला, हार्ड डिस्क नवी बसवली. पण भाऊंचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं आणि ती विंडोज आता विकत मिळत नाही. म्हणजे जुनीच परत टाकायची आणि जुनीच लायसन्स की, म्हणजे तिचा परवान्याचा नंबर, वापरायची. क्रॅक मारून देणारे पुष्कळ आहेत. मी मारत नाही. चोरीचा माल माझ्या हातून जाणार नाही म्हणजे नाही!

ही की कुठे असते? कॅबिनेटवरच्या स्टिकरवर. आणि स्टिकरवर काय होतं? कुंकू! दर दसऱ्याला वहिनींनी हळदकुंकवाचं बोट नेमकं तिथेच टेकवलेलं. चांगला लालभडक थर. मी कपाळावर हात मारला. कापसाला खोबरेल लावून हळूहळू पुसत बसले, तेव्हा कुठे अक्षरं दिसली. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "तिच जागा सपाट शे ना, ताई."

विंडोज टाकून झाली, तिने ती कीही घेतली. पण ॲक्टिव्हेट होईना. बोर्ड बदलल्यामुळे मशीनला वाटतं हा दुसराच कॉम्प्युटर. हेही नेहमीचंच. तेवढ्यात आप्पा आले आणि दारातच उभे राहिले.

"ताई, पक्कं व्हई का नही, तितलंच सांगा."

"असं महिनाभर चालेल आप्पा, पण पक्कं करायला..."

"महिनाभरना खेळ माले नको. मोबाइलवाला सांजले येई ऱ्हायना. आज व्हयनं तं व्हयनं, नही तं गाळा त्याले."

वहिनी हातातला फडका नुसता पिळत राहिल्या. मला असा राग आला म्हणता! म्हटलं, "बसा आप्पा. आत्ता तुमच्यासमोर करते." आणि फोन लावला.

या ॲक्टिव्हेशनसाठी एक टोल-फ्री नंबर असतो. मी शंभरदा वापरलाय. तिथे रेकॉर्ड केलेली बाई बोलते: हे दाबा, ते दाबा. स्क्रीनवरचा लांबलचक आकडा तिला द्यायचा, मग ती दुसरा लांबलचक आकडा देते, तो मशीनमध्ये टाकायचा. फोन स्पीकरवर टाकून मी काउंटरवर ठेवला. रिंग गेली. बाई काही बोललीच नाही.

"बोला," एक पुरुषाचा आवाज आला.

मला वाटलं, चला, बरं झालं, माणूस मिळाला. आकडे वाचले. त्याने मधे मधे "हा... हा" केलं. मग विचारलं, "कितला कॉम्प्युटरवर टाकेल शे?"

हा प्रश्न नेहमी विचारतात. मीही पटकन "एकच शे" म्हणून मोकळी झाले. बोलून गेल्यावर लक्षात आलं, की अरे, हा अहिराणी बोलतोय! आप्पांनी भुवई वर केली. वहिनींचा फडका थांबला.

तो आकडे सांगायला लागला. सावकाश, एकेक. मी एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर लिहून घेत होते. अर्ध्यावर तो थांबला आणि जरा चिडक्या सुरात म्हणाला, "नी स्टिकरवर कुंकू लाऊ नका बरं. कितली येळा सांगं, खाले लावत जा!"

आणि लगेच पुढचे आकडे. जणू काही झालंच नाही. शेवटचा आकडा सांगितला आणि फोन कट.

मी आकडे टाकले. ॲक्टिव्हेट! पहिल्या झटक्यात.

वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. रडत होत्या आणि हसतही होत्या. "आवाज त्यासना नही व्हता, ताई. पन बोलनं त्यासनं! मरीसनबी चिडी ऱ्हायनात मन्हावर!" दर दसऱ्याला याच कुंकवावरून भाऊ त्यांच्यावर खेकसायचे, हे मला तेव्हा कळलं. आप्पा स्टुलावर बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मग उठले, मोबाइलवाल्याला फोन केला आणि म्हणाले, "येऊ नको. दुकान चालू शे."

आता माझी बाजू ऐका. मी काही गप्प बसणारी नाही. कॉल सेंटरला खान्देशातला पोरगा असू शकतो, मान्य. दसऱ्याला सगळेच दुकानदार मशीनला कुंकू लावतात, त्याने अंदाजाने टोमणा मारला, तेही मान्य. पण "कितली येळा सांगं"? त्याने आधी कधी सांगितलं होतं? बरं, तेही सोडा. माझ्या फोनमध्ये त्या कॉलपुढे लिहिलंय, कॉल लागला नाही. गिऱ्हाइकांच्या कटकटीमुळे माझा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. हा झालेला नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच नंबर लावला, तर ती नेहमीची बाई... हे दाबा, ते दाबा. आणि न लागलेल्या कॉलवर मिळालेले आकडे बरोबर कसे निघाले? ते अंदाजाने सांगता येत नाहीत हो, त्या एका मशीनसाठीच तयार होतात. तिथे माझं सगळं इंजिनिअरिंग संपतं. दुसरं कुणी समजावून देत असेल तर माझं दुकान उघडंच आहे.

वहिनींना या चर्चेत रस नाही. लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

मागच्या आठवड्यात आप्पा माझ्या दुकानात आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. छपाई अर्थातच वहिनींची, सुरेख झालीय. पत्रिका दिली, अक्षता दिल्या, तरी उभेच. मी म्हटलं, बसा ना. बसले नाहीत.

"ताई, एक गोट डोकामाईन जात नही. मन्हा भाऊ इतला बोलना... नी मी त्याले 'कसा शे रे' इतलंबी इचारं नही."

मी हातातली पत्रिका उगाच पुन्हा उघडली. 

मग ते म्हणाले, "तो नंबर माले द्या."

मी सांगितलं, "आप्पा, तिथे आता फक्त रेकॉर्डिंग लागतं. मी लावून बघितला."

"ऱ्हाऊ द्या. तरी द्या."

मी नंबर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.