पुस्तकातल्या नदीला हळदकुंकू

माझ्या नाकावर राग असतो, हे तंजावूरच्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजात भूगोल शिकवते. मुलं घाबरतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. पण त्या वर्षी आडी या तमिळ महिन्यात मी जे केलं ते काही रागाच्या नावावर खपवता येत नाही. त्याची लाज वाटते, अजून वाटते.

आडीच्या अठराव्या दिवशी आमच्याकडच्या बायका कावेरीची पूजा करतात. नदीला नवं पाणी आलेलं असतं. घाटावर जायचं, तिला हळदकुंकू, काळे मणी, पिवळा दोरा वाहायचा, नवऱ्यासाठी आयुष्य मागायचं आणि मग काठावर बसून चित्रान्न खायचं. आम्ही मराठी घरं, पण पिढ्यान् पिढ्या पाणी हिचंच प्यायलो, तेव्हा आई मानतो तीही हिलाच. माझ्या आईने लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या वर्षी मात्र तिचे गुडघे पार गेले होते, आणि बाबांचं हृदयाचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. तिला तिरुवैयारूच्या घाटावर जायचंच होतं. "ऑटो सांगते, पायऱ्या मी धरून उतरवते," असं मी कबूल केलं होतं.

नेमकं दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रदर्शन होतं, उपग्रहातून काढलेल्या पृथ्वीच्या फोटोंचं. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे माझं पुस्तक. मांडीवर घेतलं तर मांडी दुखावी एवढं जाड. वाळवंटं, हिमनद्या, समुद्राला मिळताना फाटे फुटलेल्या नद्या, सगळं आभाळातून पाहिलेलं. मी त्याला कुणाला हात लावू देत नसे. त्या सकाळी मी पाट्या लिहीत बसले होते, आणि आई नवी पुडवै नेसून, पिशवी भरून दारात उभी.

"आज नाही ग जमायचं," मी म्हटलं. "किती कामं पडलीत बघतेस ना!"

ती पिशवी खाली ठेवून माझ्याजवळ बसली. समोरच्या पुस्तकावर नजर टाकून म्हणाली, "ह्या पुस्तकांत आपली कावेरी आहे का ग?"

"आहे."

"कुठें?"

मी मान वर न करता चार पानं उलटली, फाटे फुटलेली एक नदी दिसली तिच्यावर बोट ठेवलं. "ही बघ."

"अय्यो, एवढी निळी?"

"वरून तशीच दिसते." वेळ मारून नेली आणि कॉलेजात फलक लावायला निघून गेले. आईला तमिळ तेवढं वाचता येतं. फोटोखालच्या इंग्रजी ओळी तिच्या काय कामाच्या!

चार वाजता परतले तर पुस्तक देवापुढे. खाली केळीचं पान, शेजारी समई. त्या निळ्या नदीवर ओली हळद, कुंकू, काळे मणी, पिवळा दोरा. कोपऱ्यातल्या समुद्रावर नैवेद्याचा लिंबूभात. पान भिजून फुगलं होतं. आई स्टुलावर बसून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अक्कल आहे का तुला? अडाणीपणालाही काही सीमा असते! कागदाची कसली पूजा करतेस?"

ती दचकली. घाईघाईने पदराने पुसायला गेली, तशी हळद सगळ्या पानभर पसरली.

"तूच दाखीवलीस ना ग," ती म्हणाली. "मला घाट उतरवेना. म्हटलें, इथेंच वाहूं. ह्यांचें ऑपरेशन आहे."

मी पुस्तक हिसकावून खोलीत नेलं. ओल्या कापसाने टिपता टिपता फोटोखालची ओळ वर आली. सैबेरियातली लेना नदी. वर्षातले कितीतरी महिने गोठलेली. मी सगळं पुस्तक पहिल्यापासून चाळलं. कावेरी त्यात नव्हतीच. एखाद्या विद्यार्थ्याने असलं काही केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

ऊन अजून होतं. कोपऱ्यावर ऑटो उभ्या होत्या. तिरुवैयारू काही लांब नाही, दिवस मावळायच्या आत आई घाटावर पोचली असती. मला हे सुचलं नाही असं नाही. चांगलं सुचलं. पण न्यायचं तर का नेतेय ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी गेले नाही. पंख्याखाली पान वाळवत बसले. आईला ओरडले ते एक वेळ सोडून देता येईल, पण हे नाही.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. आई नर्सला सांगायची, शेजारणींना सांगायची, "मी जाऊं शकलें नाही तर कावेरी घरीं आली." ती हे सांगायला लागली की मी काहीतरी काम काढून तिथून उठायची.

बाबा घरी आले त्या संध्याकाळी आई भिंतीला धरत धरत माझ्या खोलीत आली. हातात प्लॅस्टिकचं कव्हर होतं, शेजारणीकडून मागवलेलं, माझ्या पुस्तकाला घालायला.

"चुकलेंच माझें," ती म्हणाली. "तुझें पुस्तक नासवलें. मनांत ठेवूं नको बाई." आणि तिने मला, स्वतःच्या लेकीला, हात जोडले.

सांगायचं होतं ते ओठांपर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "असू दे आई. पुन्हा नको करू."

"नाही करणार," ती म्हणाली.