साखरेचा डबा

मंडळी, आज मी चांगलीच खजील झाले.

काल समोरच्या फ्लॅटमधल्या नव्या सुनेनं प्लास्टिकच्या डब्यातून बिर्याणी दिली होती. आज डबा धुतला, त्यात साखर भरली आणि परत द्यायला गेले.

"अहो काकू, तो फेकायचाच असतो! राहू द्या." हसत तिनं दार लावलं.

नव्वदच्या दशकात आम्ही नगर जिल्ह्यातल्या राहाता गावी होतो. शेजारच्या जुबेदाभाभी ईदला वाटीभर शीरखुर्मा द्यायच्या, होळीला आमच्याकडची कटाची आमटी न्यायच्या. आमची वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून आणायच्या आणि म्हणायच्या, "रिकामी वाटी कशी दिऊ? लई खजील वाटतं गं."

आज डबा घेऊन घरी परत आल्यावर शब्दकोश उघडला. खजील मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आलेला. अर्थ: लाजलेला, ओशाळलेला.

खजील व्हायलाही समोर कुणीतरी लागतं, हे कोशात नाही. आज बऱ्याच दिवसांनी समोर कुणी होतं.

डबा ओट्यावर तसाच आहे. सांगा, कुणाला देऊ?