सातवं गाव

जर्मनीत एर्लांगेनला मी युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, भांडी धुतो. शिक्षण आठवीपर्यंत. त्यामुळे पुण्याचा एक पीएचडीवाला पोरगा "काका, ग्रीकांच्या युद्धकाव्यावर व्याख्यान आहे, चला," म्हणाला तेव्हा आधी नकोच म्हटलं. कुणी काही विचारलं तर? पण सुट्टीचा दिवस खोलीत भिंतींकडे बघत काढण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो. मागच्या रांगेत बसून तो मला हळू आवाजात सगळं मराठीत सांगत राहिला. त्याचे उपकार विसरणार नाही.

प्राध्यापकबाई म्हणाल्या, ते युद्ध झालंच असं छातीठोक सांगता येत नाही. पण कुठून कुठून जहाजं आली त्या गावांची लांबलचक यादी काव्यात आहे, आणि त्यातली काही गावं गाणाऱ्यांच्या काळात केव्हाच ओस पडली होती. गाव गेलं, नाव तोंडातोंडी उरलं.

पुढचं मला ऐकूच आलं नाही.

आई जात्यावर बसली की लग्नाला आलेल्या वऱ्हाडाची गावं गायची. सात गावं. सहा आमच्या पंचक्रोशीतली. सातवं कुणाच्या पाहण्यात नव्हतं. शाळेत नकाशा शिकलो त्या वर्षी मी ते शोधलं. सापडलं नाही. म्हटलं, "आई, हे तू ठोकून देतेस."

"बरं बाबा, मास्तर," ती म्हणाली. पण त्यानंतर मी घरात असलो की ती सहावर थांबायची. सातव्याच्या जागी नुसती घरघर. आता ती नाही, आणि मला ते नावही आठवेना.

खोलीवर येऊन बहिणीला फोन लावला.

"ताई, आईचं सातवं गाव कोणतं गं?"

"का रे, जर्मनीत वऱ्हाड निघालंय का?" ती हसली आणि नाव सांगून टाकलं. "तलाठ्याच्या दप्तरात आहे की. पुढे लिहिलंय, बेचिराख."

"कुणी जाळलं?"

"जाळायला कशाला हवं? दिवा लावायला माणूस उरलं नाही की तसं लिहितात. आईनेच सांगितलं होतं मला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे? तू तर तिला सांगितलंस."

फोन ठेवला. शेजारी तक्रार करतील या धास्तीने हलक्या आवाजात सहा गावं म्हटली, मग सातवं. चाल काही धरेना. शेवटी जात्याचा खुंटा धरल्यासारखी टेबलावर मूठ गोल फिरवत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.