गायरानातल्या ओल्या काठ्या

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग त्या बहीणभावाबद्दल माया दाटून येते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पाथर्डी तालुक्यात फौजदार होतो. दसरा नुकताच झाला होता. एका गावच्या वन समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, सकाळीच ठाण्यात आले. गायरानाच्या डोंगरावर गावानं जपलेली झाडं कुणीतरी तोडली होती.

अण्णांचा जीव त्या डोंगरात होता. त्यात त्याच आठवड्यात पुण्याच्या एका संस्थेचे पाहुणे एका परदेशी साहेबाला घेऊन येणार होते. उभी झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात आणि तिकडचे कारखानदार त्याबद्दल गावाला पैसे देतील, असं त्यांनी सांगितलं होतं. मला आधी ही हवा विकायची भामटेगिरी वाटली. पण चौकशी केली तर माणसं सरळ निघाली. त्यांची अट एकच होती, कुऱ्हाडबंदी मोडता कामा नये.

"शेजारच्या गावचे मेंढके हायेत साहेब. दुसरं कोन?" अण्णा म्हणाले.

दोघा मेंढक्यांना आणून बसवलं, चहा दिला. मनात पाप असलेला माणूस ठाण्यातला चहा गार होऊ देतो, हा माझा अनुभव. या दोघांनी तो संपवून वर आणखी मागितला. पंचनाम्याला डोंगरावर गेलो तर पाला तिथंच पडलेला, फक्त सरळ काठ्या गेलेल्या. मेंढका पाला टाकून काठ्या नेईल, हे काही पटेना. दोघांना घरी पाठवलं.

दुपारी एसटी स्टँडवरच्या आमच्या बातमीदाराचा निरोप आला. ऊसतोड्यांचा ट्रॅक्टर निघायच्या तयारीत होता आणि ट्रॉलीत ओल्या काठ्या होत्या. अण्णांना जीपमध्ये घेऊन गेलो.

काठ्यांवर गोधडी टाकून, नातवाला मांडीवर घेऊन बसलेली बाई पाहताच अण्णा जागीच थांबले. ती त्यांची थोरली बहीण, त्याच गावात दिलेली.

"आक्का, काठ्या कुणी तोडल्या?" मी विचारलं.

"आमी. लपवायचं काय त्यात? दरसाल नेतो. फडाजवळ राहायला कोपी कशाची उभी करायची? ही पोरं उघड्यावर निजवू?"

"अगं, पर बंदी हाय. ठराव झाल्यावर दवंडी दिली हुती मी," अण्णा म्हणाले.

"कवा?"

"पौषात."

"पौषात आमी ऊस तोडत असतो, तुला ठावं न्हाई व्हय? निम्मं गाव कारखान्यावर. परत आल्यावर बी कुनी सांगितलं न्हाई. दवंडी कुनाला ऐकवलीस, दाराच्या कुलपांना?"

जबाब लिहून घेणारा माझा हवालदार तोंड फिरवून हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या मनात खोट नव्हती. त्या भागात निम्मं गाव दर हिवाळ्यात बाहेर असतं आणि मागे राहिलेले स्वतःलाच गाव समजून बसतात.

"अण्णा, फिर्याद घेऊ का लिहून?"

त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग ट्रॉलीचा सैल दोर त्यांनी स्वतः आवळून बांधला आणि बहिणीला म्हणाले, "चैतात आलीस की सभा घेतो. तवर पाव्हण्यांना थांबा म्हनतो."

पाहुण्यांना त्यांनी तसंच सांगितलं, तोडलेले बुंधेही दाखवले. चैत्रात सभा झाली. आक्कांनी ती गाजवली. एक उतार कोपीच्या काठ्यांना ठेवायचा, बाकी डोंगराला कुऱ्हाड लावायची नाही, असं ठरलं. पाहुणे मात्र परत आले नाहीत. अण्णांना ते फार लागलं, मलाही वाईट वाटलं. पण मी तिथं असेपर्यंत त्या डोंगराची तक्रार पुन्हा ठाण्यात आली नाही.

आता जंगलाच्या कार्बनचा मोठा बाजार होणार, आपल्या देशाला त्यातून बरंच मिळणार, असं ऐकतो. मिळो, खेड्यांचं भलंच होईल. पण कुणी गावाच्या संमतीबद्दल सांगायला लागलं की माझ्यातला फौजदार जागा होतो आणि एवढंच विचारतो, संमती घेतली तेव्हा गाव घरी होतं का?